शेरूला नेमकं कोणाकडे न्यायचं?

अमळनेर तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलंय, नाव टाकू नका म्हणालेत. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"ताई, आमचा शेरू चार वर्षांचा आहे, आई गावठी आणि बाप लॅब्राडोर. मळ्यातच राहतो. पोळ्याच्या आठ दिवस आधी त्याने खाणं सोडलं, अंग नुसतं तापलेलं. आमच्याकडे ढोरं बघायला जे डॉक्टरकाका येतात त्यांना बोलावलं, त्यांनी दोन सुया दिल्या, संध्याकाळी शेरू उठून भाकरी खायला लागला. तीन दिवसांनी परत आडवा. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी नाकातून रक्त आलं तेव्हा गाडी करून शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचिडांचा ताप निघाला, प्लेटलेट्स एकदम कमी होत्या. २८ दिवसांच्या गोळ्या दिल्यात. पण इतके दिवस झोपले होते का म्हणून सगळ्यांसमोर बोलले ते मला फार लागलं. इकडे वडील म्हणतात, कुत्राले कसाले दवाखाना. आणि डॉक्टरकाका पंधरा वर्षांपासून घरच्यासारखे आहेत, त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की आता तुम्हाला बोलावणार नाही? मुळात कुत्र्यासाठी डॉक्टर निवडायचा कसा हेच आम्हाला माहीत नाही. आज गोळ्यांचा नववा दिवस आहे, शेरू खायला लागलाय, आई म्हणते आता गोळ्या बंद कर."

भाऊ, तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय ते मी आधी घेते कारण ते थांबण्यासारखं नाहीये. गोळ्या बंद करू नका. आईंना सांगा की शेरू खायला लागला म्हणजे औषध लागू पडतंय, आजार अजून गेलेला नाही. गोचिडांच्या तापाचा जो जंतू असतो, तुमच्या कागदावर बहुतेक एर्लिकिया असं लिहिलेलं असेल, तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये जाऊन बसतो आणि औषध अर्धवट राहिलं की कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, महिनोन्महिने दिसतो, पण जंतू आतमध्ये तसाच, आणि मग काही कुत्र्यांमध्ये तो हाडांच्या मगजापर्यंत पोचतो, नवीन रक्त तयार होणंच मंदावतं आणि तिथून कुत्रा परत आणणं फार अवघड होऊन बसतं. म्हणून २८ दिवस म्हणजे २८ दिवस. गोळी उपाशीपोटी देऊ नका, जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पिऊ द्या. आपल्याकडे गोळी पेढ्यात दडवून द्यायची सवय असते, पण या गोळ्यांना दुधाचं काही नको, भाकरीच्या तुकड्यात किंवा थोड्या भातात दडवा.

आता तुमचं मन दुखलं त्याबद्दल. तुम्ही तीन वेळा घरी डॉक्टर बोलावलात, पैसे दिलेत, रक्त दिसल्याबरोबर गाडी करून निघालात. याला झोपणं म्हणत नाहीत. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, त्यांचा जीव वर-खाली झाला असेल, रोज असे उशिरा आलेले कुत्रे बघून माणूस कातावतो हेही मी समजू शकते, पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हे मी स्पष्ट म्हणते. कारण ज्याला एकदा असं ऐकून घ्यावं लागतं तो पुढच्या वेळी एकतर येत नाही किंवा येऊन अर्धी गोष्ट लपवतो. मी स्वतः लपवलेली आहे म्हणून सांगते.

बरीच वर्षं झाली, आम्ही धुळ्याला होतो, आमची चिंगी म्हणून कुत्री होती. गच्चीच्या पायरीवरून उडी मारली आणि मागचा पाय धरून लंगडायला लागली. रात्रीची वेळ, घरात माणसांची दुखण्याची गोळी होती, अर्धी मोडून गुळात घालून दिली, सकाळी परत अर्धी. दुसऱ्या दिवशी उलट्या, आणि शी डांबरासारखी काळी. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरचं काही औषध दिलं का? मी नाही म्हणाले. त्यांनी पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या, परत विचारलं. मी परत नाही. मला लाज वाटत होती हो, दवाखान्यात चार माणसं बसलेली. मग त्यांनी पायाच्या दुखण्यासाठी सुई भरायला घेतली, सिरिंज हातात, आणि बाटलीवर नजर ठेवूनच तिसऱ्यांदा विचारलं, ताई, नक्की काही दिलं नाही ना, कारण दिलं असेल तर ही सुई हिला देता येणार नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं. त्यांनी सिरिंज तशीच ट्रेमध्ये ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. गोळीचं नाव विचारलं, किती वाजता दिली ते विचारलं, कागदावर लिहिलं, आणि पोटाचा इलाज सुरू केला. पोटात आधीच जखम झालेली आणि त्यावर दुखणं कमी करायची आणखी सुई गेली असती तर काय झालं असतं, ते नंतर त्यांनी मला शांतपणे समजावलं. चिंगी वाचली, पुढे सहा वर्षं जगली.

तेव्हापासून डॉक्टर बघताना मी पहिल्यांदा हे बघते की या माणसापुढे मला खरं बोलता येईल का. बाकी मशिनं, एसी, काचेचा दरवाजा सगळं नंतर. आणि हे एकाच भेटीत कळतं. चांगला डॉक्टर आधी तुमचं ऐकतो, मध्ये तोडत नाही, मग कुत्र्याकडे वळतो. माझे आवडते डॉक्टर आहेत ते मोठ्या कुत्र्याला टेबलावर घेतच नाहीत, स्वतः खाली फरशीवर बसतात, हात पुढे करून आधी वास घेऊ देतात. मग ओठ वर करून हिरडी बघतात, जबड्याखालच्या गाठी चाचपतात, ताप थर्मामीटर लावून मोजतात, कानाला हात लावून नाही, छाती ऐकतात, पोट दाबतात, आणि वजन करतात. वजनाचं फार महत्त्वाचं आहे भाऊ, कुत्र्याचं जवळपास प्रत्येक औषध किलोच्या हिशोबाने असतं, बैलाला अंदाजे दिलेलं चाललं तरी २२ किलोच्या शेरूला अंदाज महागात पडतो. जो न तपासता, न वजन करता दारातूनच सुई भरतो तिथे परत जाऊ नका. काटा नसेल एखाद्या छोट्या दवाखान्यात तर हरकत नाही, तुम्ही घरून वजन करून जा, आपल्याकडे कापूस मोजायचा काटा प्रत्येक गल्लीत आहे, शेरूला उचलून घेऊन उभे राहा आणि मग तुमचं एकट्याचं वजन वजा करा.

दुसरी गोष्ट, कागद. जो डॉक्टर लिहून देतो तो माझा डॉक्टर. कोणती सुई दिली, किती दिली, आजार काय वाटतोय, परत कधी यायचं. तुमच्या काकांनी दिलेल्या सहा सुया कशाच्या होत्या हे आज तुम्हाला सांगता येणार नाही, बरोबर ना? मी त्या बघितलेल्या नाहीत त्यामुळे काही ठाम बोलत नाही, पण सुई दिली की त्याच संध्याकाळी कुत्रा उठून खातो, दोन दिवस भसाभस पाणी पितो, जागोजागी मुततो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पडतो, असं झालं असेल तर त्यात स्टेरॉइड असू शकतं. स्टेरॉइड वाईट नाही, योग्य ठिकाणी जीव वाचवतं, पण ते ताप झाकतं, मूळ जंतूला काही करत नाही, आणि घरच्यांना वाटतं गुण आला.

आता 'डॉक्टर' या शब्दाचंच आपल्याकडे काय होतं ते सांगते. गावात जो ढोरांना सुई देतो तो प्रत्येक जण डॉक्टर. गाईला कृत्रिम रेतन करायला मोटारसायकलवर येणारा पोरगा डॉक्टर, मेडिकलवाला डॉक्टर, आणि साडेपाच वर्षं शिकून बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी घेतलेला तोही डॉक्टर. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, त्याप्रमाणे पदवी घेऊन परिषदेकडे नोंदणी केलेल्या माणसालाच जनावरांवर स्वतंत्रपणे इलाज करता येतो. पदविका म्हणजे डिप्लोमावाले जे असतात त्यांना सरकारने ठरवून दिलेली किरकोळ कामं करता येतात, तीही नोंदणीवाल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. सरकारी दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून असतात ते पदवीवाले. प्रत्येक नोंदणीवाल्या डॉक्टरला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नंबर मिळतो, तो त्यांच्या चिठ्ठीवर किंवा शिक्क्यात असतो. नसेल तर सरळ विचारा. विचारायला काही वाटून घेऊ नका, परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ कुठून शिकलात असं विचारलं तर ज्याने खरंच शिकलंय तो आनंदाने सांगतो आणि हॉस्टेलच्या दोन गोष्टी वर सांगतो.

पण पदवी आहे म्हणजे कुत्र्याचा हात आहेच असंही नाही, हे पण तितकंच खरं. आपल्या भागात डॉक्टरचा सगळा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांमध्ये जातो. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना एवढंच विचारा की डॉक्टरसाहेब, आठवड्यात कुत्रे किती येतात तुमच्याकडे, आणि तुमच्याने होण्यासारखं नसेल तर तुम्ही कुठे पाठवता? याचं उत्तर फार काही सांगून जातं. जो म्हणतो माझ्याकडे सगळं होतं, कुठे जायची गरज नाही, त्याच्यापेक्षा जो म्हणतो ताप-जुलाब-लस-जखम मी बघतो, हाडाचं ऑपरेशन असेल तर नाशिकला पाठवतो, तो मला जास्त भरवशाचा वाटतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तिथेही एकदा जाऊन या, शेरू बरा असताना.

हे 'बरा असताना' मी मुद्दाम लिहितेय. पहिली भेट आजारपणात होऊच नये. शेरू चांगला झाला, गोळ्या संपल्या की त्याला घेऊन नुसती रेबीजची लस द्यायला जा. कुत्र्याला पण जागा कळते, त्याला तिथे फक्त दुखतंच असं वाटायला नको, आणि तुम्हालाही गर्दी नसलेल्या वेळी बोलता येतं. रात्री-बेरात्री फोन उचलता का, रविवारी कोण असतं, शेतावर येता का, पैसे साधारण किती होतात, हे सगळं तेव्हा विचारून घ्यायचं. पैशाचं विचारायला लोक फार लाजतात. विचारा. रक्ताची टेस्ट लिहिली की विचारा, किती लागतील, आणि यातून काय कळेल, आणि आज नाही केली तर काय होईल. खिशात जेवढे आहेत तेवढे सांगितले तर चांगला डॉक्टर म्हणतो, बरं, मग आधी ही एक करू. न सांगता तुम्ही चार टेस्टला हो म्हणून घरी आलात आणि परत गेलाच नाहीत तर नुकसान शेरूचंच.

लसीचं निघालंच तर एक बघून ठेवा. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो आणि त्यात लाइट जाते. डॉक्टर तुमच्या डोळ्यांसमोर फ्रिजमधून बाटली काढतात का, आणि बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर तुमच्या कार्डावर चिकटवतात का, एवढं बघा. खिशातून किंवा गाडीच्या डिकीतून निघालेली लस घेऊ नका, ती पाणी टोचल्यासारखी होते आणि तुम्ही वर्षभर निर्धास्त राहता. पिल्लू कधी आणलंत तर त्याला दीड-दोन महिन्यांपासून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पार्व्हो-डिस्टेंपर या आजारांच्या लसी लागतात आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची, पहिल्या एका सुईवर भागत नाही.

आता तुमच्या बाजूचं. डॉक्टर निवडला म्हणजे अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं घरच्यांचं, कारण शेरू काही सांगू शकत नाही. एक शंभर पानी वही करा, त्याच्या नावाची. लस कधी, जंताचं औषध कधी, गोचिडांचं औषध कधी आणि कोणतं, वजन किती, आजारी पडला तर कोणत्या दिवशी काय खाल्लं, उलटी कितीदा, शी कशी. घरातला एकच माणूस डॉक्टरांशी बोलेल असं ठरवा, आणि जो रोज शेरूला भाकर टाकतो त्यानेच सोबत जावं, बऱ्याचदा ती आई असते आणि दवाखान्यात जातो मुलगा, मग डॉक्टरांनी विचारलं परवा काय खाल्लं तर मुलगा घरी फोन लावत बसतो. आमच्याकडे एका वर्षी कानबाईच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी कुत्रं ओकून ओकून बेजार झालं. घरात वीस-बावीस पाहुणे. प्रत्येकाला विचारलं तर प्रत्येक जण म्हणे, मी तर फक्त एक तुकडा दिला पुरणपोळीचा. मोजलं तर चार-पाच अख्ख्या खापरावरच्या पोळ्या झाल्या, तुपासकट, आणि भरताचं उरलेलं कोणीतरी टाकलेलं ते वेगळंच. भरतात कांद्याची पात असते, लसूण असतो, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताच्या लाल पेशी फोडतो, हे कित्येकांना माहीत नसतं. डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं म्हणून त्यांना नेमकं काय शोधायचं ते कळलं.

फोटो आणि व्हिडिओ काढायची सवय लावा. कुत्रा घरी लंगडतो, खोकतो, झटके येतात, आणि दवाखान्यात गेल्यावर घाबरून एकदम ताठ उभा राहतो. घरचा तीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना खूप काही सांगतो. हिरडीचा फोटो उन्हाच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली सगळंच पांढरं दिसतं. शेरू बरा असताना त्याची हिरडी एकदा बघून ठेवा, अंगठ्याने दाबली की पांढरी होते आणि सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी. फिकट पडलेली दिसली, पिवळट दिसली किंवा लाल-लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी निघायचं. ताप मोजायला साधं डिजिटल थर्मामीटर वेगळं ठेवा, टोकाला व्हॅसलिन लावून शेपटीखाली, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हा त्याचा नेहमीचा असतो, आपल्यासारखा ९८ नाही. पण व्हॉट्सॲपवर फोटो टाकून औषध सांगा म्हणून मागे लागू नका, फोटो बघून डॉक्टर एवढंच सांगू शकतात की लगेच या की उद्या आणलं तरी चालेल.

दवाखान्यात शेरू चावायला गेला तर डॉक्टर तपासणार कसे? मुसकं घरीच सवयीचं करा. बैलाला कोळपणीच्या वेळी मुसकं बांधतो तसंच ते, त्यात कुत्र्याचा काही अपमान नाही. नसेल तर सुती ओढणीची पट्टी घ्या, नाकाडावरून एक सैल गाठ, टोकं जबड्याखालून फिरवून कानांमागे बांधायची. उलटी होत असेल किंवा धापा टाकत असेल तेव्हा मात्र बांधायचं नाही, जीव गुदमरतो.

शेतात राहता म्हणून हेही. कपाशीवर फवारणी चालू असते, उंदरांसाठी पुड्या टाकलेल्या असतात. शेरू लाळ गाळायला लागला, अंग थरथरायला लागलं, की मिठाचं पाणी, दूध, तेल काही पाजू नका, औषधाची बाटली किंवा पुडीचं पाकीट उचला आणि निघा. नुसतं 'काहीतरी विष खाल्लं' म्हणून भागत नाही, फवारणीच्या काही औषधांवर ॲट्रोपिनची सुई आहे, रक्त पातळ करणाऱ्या उंदराच्या औषधावर व्हिटॅमिन के आहे, काहींवर उतारा असा नाहीच. पाकीट हातात असलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो. आणि ढोरांवर मारायचं गोचिडांचं औषध तुमच्या अंदाजाने शेरूच्या अंगावर ओतू नका, डॉक्टरांना विचारून कुत्र्याचंच आणा. गोचिडी नुसत्या त्याच्या अंगावर नसतात, त्याची बसायची जागा, कुडाच्या आणि भिंतीच्या फटी, गोणपाट, तिथे त्या अंडी घालतात, एकेक मादी हजारांनी घालते. ती जागा साफ नाही केली तर २८ दिवसांच्या गोळ्या घेऊन शेरू परत त्याच फटीपाशी जाऊन झोपणार.

डॉक्टरकाकांचं. त्यांना 'आता बोलावणार नाही' असं सांगायची काही गरजच नाही. तुम्ही त्यांच्याकडे जा, पण सुयांची नावं विचारायला जा. काका, शहरात रक्त तपासलं, गोचिडांचा ताप निघाला, तिथले डॉक्टर विचारताहेत आधी काय-काय दिलं होतं, तुम्ही लिहून देता का? हे खोटं नाहीये, त्या डॉक्टरांना ही माहिती खरंच लागते. काकांना आजार कळेल, ते मनाने चांगले असतील तर पुढच्या गावात असा कुत्रा दिसला की स्वतःहून म्हणतील, याचं रक्त तपासून आणा. माझ्या मनात या लोकांबद्दल राग नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात लम्पी निघाला आणि मग सगळीकडे पसरला तेव्हा गोठ्यागोठ्यात फिरणारी, रात्री अकराला फोन उचलणारी माणसं हीच होती. वासराचं, गाईचं जे ते इतकी वर्षं करत आलेत त्यासाठी त्यांना बोलवा, पोळ्याला-दिवाळीला जसं बोलावता तसं बोलवा. शेरूच्या तापासाठी तेवढं पदवीवाल्याकडे जा. आणि काका रुसलेच तर चार दिवस रुसू द्या, पंधरा वर्षांचं नातं सहा सुयांनी तुटत नाही.

शहरातल्या डॉक्टरांकडे परत जायचं का? एकदा जा. इलाज त्यांचा बरोबर होता, २८ दिवसांनंतर प्लेटलेट्स परत बघाव्याच लागतील आणि पहिला रिपोर्ट त्यांच्याकडेच आहे. जाताना रिपोर्टची कॉपी मागून घ्या, तो तुमचा कागद आहे. गर्दी कमी असताना त्यांना सरळ सांगा, साहेब, त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला लागलं, मी काळजी घेत होतो, पण मला कळत नव्हतं. त्यावर ते कसे वागतात ते बघा. माणूस थकलेला होता की स्वभावच तसा आहे, ते तुम्हाला तिथल्या तिथे कळेल, आणि स्वभावच असेल तर रिपोर्ट घेऊन दुसरीकडे जायला तुम्ही मोकळे आहात.

वडिलांशी वाद घालू नका. त्यांच्या काळात कुत्रा दारात यायचा, भाकर खायचा, एक दिवस दिसेनासा व्हायचा, कुणी दवाखान्यात नेलेलं त्यांनी बघितलंच नाही. पण बैल बसला तर हेच वडील रात्री उठून डॉक्टरला आणायला गेले असतील. त्यांना शेजारी बसवून विचारा, आबा, रात्री रानात डुकरं आली की पहिला कोण भुंकतो? आणि रेबीजचं सांगा, शेरूची लस ही घरातल्या लेकरांची पण राखण आहे, कारण हा आजार एकदा अंगात दिसायला लागला की माणूस वाचत नाही. मला वाटतं ते बोलणार नाहीत काही, पण पुढच्या वेळी गाडीत मागे शेरूला धरून बसतील.

तुमचं पत्र मला तीन दिवसांनी मिळालं म्हणजे आज बारावा दिवस. सोळा राहिलेत. शेरू जेवला की मग गोळी, आणि वहीत एक टिक.